जोडीतला माणूस

आमच्या बेथफील्ड गावात डुकरांचा कोतवाल निवडायची एक रीत होती. मार्चमधल्या गावसभेत आधी मोठी पदं भरायची: गावकारभारी, कारकून, रस्त्यांचे मुकादम, राज्याच्या विधानसभेत बसणारा आमदार. त्यावरून भांडून भांडून घसे बसले, की शेवटी डुकरांचा कोतवाल. मोकाट डुकरं धरून कोंडवाड्यात घालायची, हे त्याचं काम. आणि ते काम कुणाला? तर गेल्या वर्षभरात ज्याचं लग्न झालं असेल त्याला. नवी जोडी जमली, की नवरदेवाच्या गळ्यात डुकरं. असं का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक बाकं बडवायचे, नवरदेव लाल होऊन शपथ घ्यायचा आणि घरी जाऊन विसरून जायचा.

जोथम लेव्हिट यांच्या गळ्यात ही डुकरं दोन वेळा पडली. एकदा पंचविसाव्या वर्षी, लग्न झालं तेव्हा. दुसऱ्यांदा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आणि ती माझ्या नवऱ्यानं घातली. मी तेव्हा शेजारच्या खोलीत गावजेवणाच्या घेवड्याची मडकी चुलीवरून उतरवत होते. आम्हा बायकांना सभेत मत नव्हतं, पुरुषांची पोटं भरायचा हक्क तेवढा होता. दार किलकिलं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं, आणि मीही ॲप्रन तोंडावर धरून हसले. ते हसू मला आजही डाचतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

जोथमकाका माझ्या नवऱ्यापेक्षा, ऐरापेक्षा, पंधरा वर्षांनी मोठे. नात्यानं ते आमचे कुणीच नव्हेत, पण गावात त्यांना सगळे काकाच म्हणत. त्यांचा मळा नदीच्या अल्याड, जिकडे चर्च, शाळा, दुकान आणि डॉक्टर. आमचा पल्याड, जिकडे सात घरं आणि बाकी देवाचं नाव. आमच्या टेकड्यांवर दगडांचं पीक तेवढं न चुकता येतं. शेत नांगरावं, दगड काढावेत, पुढच्या वसंतात तेवढेच पुन्हा वर. काकांनी उभ्या जन्मात त्या दगडांचे गडगे रचले, मेरिनो मेंढ्या पाळल्या, आणि एका वेळी एका वाक्याहून जास्त बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. शाळा चार हिवाळे. पुढे आमदार झाले तेव्हाही लिहिताना जीभ दातांत धरत.

त्यांचा स्वभाव कसा, ते पहिल्याच वेळी गावाला कळायला हवं होतं. डुकरांच्या कोतवालाची शपथ त्यांनी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखर दोर घेऊन बाहेर पडले. पहिली सापडली ती सासऱ्यांची डुकरीण. त्यांची नवी नवरी, आमच्या हिटीकाकू, दारात उभ्या राहून ओरडतायत, सासरे मागून काठी आपटत येतायत, आणि काका पुढे डुकरिणीला ओढत कोंडवाड्याकडे.

"अरे, जावई केलाय की जप्तीवाला?" सासरे म्हणाले.

"शपथ घेतलीय," काका म्हणाले.

"शपथ थट्टेची असते रे बाबा!"

"मला तसं कुणी सांगितलं नाही," काका म्हणाले आणि कोंडवाड्याचं फाटक लावलं.

गावानं हे दहा वर्षं हसत सांगितलं. यातून काय शिकायचं ते मात्र कुणी शिकलं नाही.

अठराशे सत्तावन्न सालच्या एप्रिलमध्ये नदीतला बर्फ फुटला आणि पूल घेऊन गेला. जुना लाकडी पूल, वर छप्पर असलेला. मी दारातून पाहिलं, अख्खं घर चालत निघावं तसा तो वळणापर्यंत गेला आणि तिथे मोडला. त्यानंतर आम्ही पल्याडचे लोक जणू परमुलखात. थंडीत नदी गोठली की बर्फावरून जायचं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की उतारानं, आणि मधले दिवस घरात बसायचं. माझी लोईस सात वर्षांची, शाळेत पहिल्या बाकावर बसणारी, ती घरी बसून मला डोळे दाखवायला लागली. शेजारची म्हातारी मिसेस डो वारली, तर तिची पेटी तीन आठवडे गोठ्यात ठेवावी लागली, नदी ओलांडून दफनभूमीत नेता येईना म्हणून. नवा पूल बांधणं एकट्या गावाच्या आवाक्यातलं नव्हतं. जिल्ह्यानं बांधावा, असा कायदा विधानसभेत करून घ्यायचा, एवढा एकच मार्ग होता.

म्हणून अठ्ठावन्नच्या गावसभेत आमदार निवडताना एकच प्रश्न होता: पुलासाठी न डगमगता उभा राहील कोण? ऐराच उठला आणि म्हणाला, "जोथमकाका. त्यांना बोलता येत नाही, त्यामुळे कुणी त्यांना बोलण्यात गुंडाळूही शकणार नाही." सगळे हसले, आणि काका निवडून आले. त्यांनी भाषण केलं तेही सांगते, कारण ते पाठ करायला वेळ लागत नाही: "पुलाला मत देईन. बाकीचं मला फारसं कळत नाही."

जूनमध्ये ते राज्याच्या राजधानीला, कॉन्कर्डला गेले. हिटीकाकूंनी त्यांच्या काळ्या कोटाला नवी बटणं लावली होती.

पुढचं जे घडलं ते काकांनी स्वतः आम्हाला चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं, जुलैच्या पहिल्या रविवारी, टोपी हातात धरून. काही लपवलं नाही. लपवता आलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं.

विधानसभेत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर ओबेड शॉ म्हणून किनाऱ्याकडचा एक होड्या बांधणारा बसायचा. दोघांचं एका गोष्टीवरून रोज वाजायचं. मेंढी मारणाऱ्या कुत्र्याला जागच्या जागी गोळी घालायची मुभा द्यावी, असा एक ठराव होता. काका मेंढ्यांवाले, शॉकडे शिकारी कुत्री सहा. तर एके सकाळी शॉला घरून निरोप आला, की बायको अत्यवस्थ आहे. गाडी सुटायला अर्धा तास. तो काकांकडे आला, तोंड पांढरंफटक.

"लेव्हिट, मी गेलो तर माझी कुत्री मेली. तू माझ्याशी जोडी बांध."

जोडी म्हणजे तिथली रीत अशी: एका बाजूच्या एकाला जायचं असेल तर विरुद्ध बाजूच्या एकानं मत द्यायचं नाही. तो तिकडे गप्प, हा इकडे गप्प, पारडं जिथल्या तिथं. कागद नाही, सही नाही. माणसाचा शब्द.

"कधीपर्यंत?" काकांनी विचारलं.

"मी परत येईपर्यंत."

"बरं. तू परत येईपर्यंत," काका म्हणाले आणि हात मिळवला.

दोन दिवसांत येणारा शॉ आठ दिवस आला नाही. बायको गेली त्याची. कुत्र्यांचा ठराव तिसऱ्या दिवशी येऊन पडलासुद्धा. आणि पुलाचा ठराव, जो पुढच्या आठवड्यात यायचा, तो कुणाच्या तरी घाईनं सहाव्या दिवशी पुढ्यात आला. कारकून एकेक गावाचं नाव पुकारत होता. आजूबाजूचे लोक काकांना कोपरानं ढोसत होते, "अहो, जोडी कुत्र्यांपुरती होती! द्या मत!" कारकून म्हणाला, "बेथफील्ड, मिस्टर लेव्हिट?"

काका उभे राहिले आणि म्हणाले, "मी जोडीत आहे." आणि खाली बसले.

दोन्हीकडे मतं सारखी झाली. सारखी झाली की ठराव पडतो. आमचा पूल एका मतानं पडला, आणि ते मत खुर्चीवर हात गुडघ्यांत घालून बसलं होतं.

चर्चच्या पायऱ्यांवर काकांनी एवढं सांगितलं. मग मीच बोलले. माझी जीभ तिखट आहे हे गावाला माहीत होतं.

"काका, शब्द आम्हालाही दिला होतात ना? पुलाला मत देईन म्हणून? की बेथफील्डचा शब्द किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा हलका?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हलका नव्हे, थर्झा. तुम्हाला मत देईन म्हणालो होतो. पण मत मी त्याच्यापाशी ठेवून बसलो होतो. ते तसं ठेवायला नको होतं. चूक माझी ती आहे, आधीची. नंतरची नाही."

"आधीची न् नंतरची! पूल कुठे आहे?"

"पूल नाही," ते म्हणाले.

मला त्या दिवशी त्यांचा इतका राग आला, की मी हिटीकाकूंना नमस्कारही न करता निघाले. माणूस वाईट असला की रागावणं सोपं असतं. हा तसाही नव्हता.

ऑक्टोबरात तो शॉ आमच्या गावात आला. टोपीला दुखवट्याची काळी फीत, गाडीत खारवलेल्या माशांचं एक पिंप. दुकानापुढे काकांची गाडी उभी होती, आम्ही पाचसहा जण तिथेच होतो. त्यानं पिंप उतरवलं आणि काकांवर ओरडायलाच लागला.

"अरे मूर्खा! मला आत्ता कळलं! मी कुत्र्यांसाठी म्हणालो होतो, कुत्र्यांसाठी! तुझा पूल वाहून गेलेला, मला काय त्याचं? तू मत दिलं असतंस तर मी ब्रसुद्धा काढला नसता!"

"असेल," काका म्हणाले.

"असेल काय? तुला एवढंही कळलं नाही?"

"तू 'परत येईपर्यंत' म्हणालास."

"माझी बायको मरत होती! काय म्हणतोय याचं भान होतं का मला?"

"म्हणून तर," काका म्हणाले. "तू विचारायला नव्हतास. मी एकट्यानं कसं ठरवायचं, तुला काय म्हणायचं होतं ते?"

 शॉनं तोंड फिरवलं आणि बराच वेळ घोड्याचा लगाम नीट करत बसला, जो नीटच होता. जाताना मासे ठेवून गेला. काकांनी ते पल्याडच्या सात घरांना वाटले. मी माझे परत पाठवणार होते, पण ऐरा म्हणाला, माशांनी काय पाप केलंय.

ही गोष्ट गावभर झाली, आणि आता लोक रागावण्याऐवजी हसायला लागले. खुद्द जोडीदारच म्हणतो, मी तसं म्हणालो नव्हतो! राग परवडला. हसू माणसाच्या मागे दारापर्यंत येतं.

मग आली एकोणसाठची गावसभा. आमदार म्हणून दुसराच कुणी निवडला गेला, काकांचं नावसुद्धा निघालं नाही. शेवटी डुकरांच्या कोतवालाची पाळी आली. त्या वर्षी गावात एकही लग्न झालं नव्हतं. सभापती म्हणाले, "नवी जोडी कुणाचीच नाही, पद रिकामं ठेवू." आणि माझा ऐरा उभा राहिला. दाराच्या फटीतून मला त्याची पाठ दिसत होती, खांदे हसण्यानं हलत होते.

"सभापती महाराज, नवी जोडी नाही कशी? जोथमकाकांनी गेल्या जूनमध्ये कॉन्कर्डला नवी जोडी बांधली की! नवरी किनाऱ्याकडची आहे, दाढी आहे तिला, पण जोडी ती जोडी!"

छप्पर उडेल एवढं हसले लोक. मीही हसले, ते वर सांगितलं आहे. काका तिसऱ्या बाकावर बसले होते. हसू ओसरेपर्यंत थांबले. मग उठले, पुढे गेले आणि हात वर करून शपथ घेतली. हिटीकाकू माझ्या शेजारीच पावाचे तुकडे करत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि अंगणात निघून गेल्या.

काकांना त्या दिवशी काय वाटलं, हे मी पंचवीस वर्षांनी विचारलं. ते नंतर सांगते.

त्या उन्हाळ्यात त्यांनी एक सपाट होडी बांधली, दोन गाईंना उभं राहता येईल एवढी. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणला. रोज सकाळी मेंढ्यांना सोडून ते काठावर यायचे, पल्याडची मुलं शाळेसाठी अल्याड आणायचे, संध्याकाळी परत सोडायचे. रविवारी चर्चला जाणारे. मध्येच कुणी आजारी पडलं तर डॉक्टर. कुणाकडून काही घेतलं नाही आणि कुणाला काही ऐकवलंही नाही. लोईस पुन्हा पहिल्या बाकावर बसली. मी मात्र त्यांच्या होडीत बसले की पाण्याकडे बघत बसायचे, त्यांच्याकडे नाही.

आणि डुकरंही. हो, या वेळीही त्यांनी पद खरंच चालवलं. सप्टेंबरात आमची डुकरीण कुंपण मोडून शेजारच्या मक्यात शिरली. काका होडी घेऊन पल्याड आले, तिला धरली आणि होडीतून कोंडवाड्याकडे घेऊन निघाले. ऐरा धावत काठावर.

"काका! डुकरीण माझी आहे!"

"ठाऊक आहे. कानावरची खूण ओळखीची आहे."

"मग सोडा तिला!"

"कोंडवाड्यातून सोडवून ने. नियम आहे."

"आणि अल्याड येऊ कसा? पोहत?"

"होडीत जागा आहे," काका म्हणाले. "पण डुकरिणीशेजारी बसावं लागेल."

ऐरा बसला. अर्ध्या नदीत डुकरिणीनं त्याच्या नव्या विजारीवर मान घासली. काठावर सगळं पल्याड जमलं होतं. कुणीतरी ओरडलं, "ऐरा, नवी जोडी का रे?" आणि त्या वेळी मी पहिल्यांदा काकांना हसताना पाहिलं. आवाज नाही, नुसते खांदे. ऐरा घरी येऊन तासभर धुसफुसला आणि मग एकदम म्हणाला, "माणूस गाढव आहे, पण एका रंगाचा आहे." पुढच्या वर्षी डुकरांसाठी त्यांचं नाव थट्टेनं पुन्हा सुचवलं गेलं, त्याच्या पुढच्या वर्षीही; दोन्ही वेळा पद मात्र नव्या नवरदेवाकडे गेलं. ऐरानं ते पुन्हा कधी सुचवलं नाही. पण थांबवलंही नाही, हेही खरं.

बासष्टच्या ऑगस्टमध्ये ऐरा उत्तर-दक्षिणेच्या लढाईला गेला. पहिल्या वर्षी गेला नव्हता, दुसऱ्या वर्षी राहवलं नाही. मी तोवर तेहतीस वर्षांची, पोरी दोन, गाई पाच, आणि नदीकाठचं मोठं कुरण, ज्यावर आमचा अख्खा हिवाळा अवलंबून. गवत वेळेवर कापलं नाही तर फेब्रुवारीत गाई विकायच्या, आणि गाई विकल्या की मळा विकायचा. हे आम्ही दोघं रात्रंदिवस बोलत होतो. ऐराचे दोन भाऊ पश्चिमेला गेले होते. शेजारी होते, पण ज्याचा त्याला आपला हिवाळा होता.

निघायच्या दिवशी सकाळी काका होडी घेऊन आले. आम्ही दोघं चढलो, मी त्याला अल्याडपर्यंत पोचवायला. नदीच्या मध्यावर ऐरा म्हणाला,

"काका, जरा थांबा."

काकांनी दोर धरला. होडी पाण्यात हलत राहिली.

"माझं कुरण. दुसरी कापणी राहिलीय. आणि पुढल्या वर्षी पहिली. तुम्ही बघाल?"

"कधीपर्यंत?"

"मी परत येईपर्यंत."

काकांनी दोर मनगटाला गुंडाळला. मग म्हणाले, "नीट विचार करून सांग. मी एकदा ऐकलं की ऐकलं."

"माहीत आहे," ऐरा म्हणाला. निघतानाही जित्याची खोड, थट्टा काही सुटेना. "म्हणून तर तुमच्याकडे आलो. गावात माणसं पुष्कळ आहेत, पण तुमच्यासारखं गाढव दुसरं नाही."

"बरं," काका म्हणाले. "तू परत येईपर्यंत."

दोघांनी हात मिळवले. डुकरांचा विषय कुणी काढला नाही. मला वाटतं, ऐराला माफी मागायची होती आणि ती त्यानं अशीच मागितली, आपलं सगळं त्या माणसाच्या हाती देऊन. आमच्या इकडे पुरुषांना दुसऱ्या तऱ्हेनं मागता येत नाही.

चौसष्टच्या जूनमध्ये व्हर्जिनियातून कागद आला. बेपत्ता. एवढाच शब्द. पुढे कैदी परतले, जखमी परतले, त्यात तो नव्हता. ज्यांनी त्याला शेवटचं पाहिलं त्यांतही दोघांचं एकमत नव्हतं.

जुलैत काका कुरणात आले. लांब दांड्याचा विळा खांद्यावर, धारेचा दगड कमरेला. मी दारात गेले. त्यांनी धारेचा दगड विळ्यावरून फिरवला. शेवटी ते म्हणाले, "दव आहे तोवर कापून घेतो." आणि कापायला लागले. मी काकवी, सिरका आणि आलं घातलेलं थंड पाणी सुरईत भरून गडग्यावर ठेवलं, ऐरासाठी ठेवायचे तसं.

त्यानंतर दर वर्षी ते आले. पहिली कापणी जुलैत, दुसरी सप्टेंबरात. आपलं कुरण मागे ठेवून आधी माझं. एका वर्षी पाऊस लागला आणि त्यांचं स्वतःचं गवत काळं पडलं, हिटीकाकूंना चार मेंढ्या कमी कराव्या लागल्या. मी रडत गेले त्यांच्याकडे. हिटीकाकू म्हणाल्या, "रडू नकोस ग. लग्न करतानाच मला कळलं होतं, बाबांची डुकरीण नेली तेव्हा." सदुसष्टमध्ये जिल्ह्यानं शेवटी पूल बांधला. काकांनी होडी मोडली, तिच्या फळ्यांची मेंढ्यांना गव्हाण केली, आणि विळा घेऊन ते पुलावरून यायला लागले. आमदार म्हणून त्यांचं नाव गावानं पुन्हा कधीच घेतलं नाही. गावाला लाज वाटली की गाव गप्प बसतं आणि त्याला विसरणं म्हणतं.

मी मळा विकला नाही. पोरी मोठ्या झाल्या. लोईसच्या नवऱ्यानं घोड्यानं ओढायचं गवत कापायचं यंत्र आणलं. तरी काका येतच राहिले. यंत्र जिथे जात नाही तो नदीकाठचा कोपरा त्यांनी धरला.

चौऱ्याऐंशीच्या जुलैत ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. तो कोपरा, जो एके काळी न्याहारीच्या आधी संपायचा, त्याला दिवस लागला. दुपारी गडग्याच्या सावलीत बसले, सुरई हातात. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. मला बघवेना.

"काका, पुरे आता. तुम्ही मोकळे."

"कुणी केलं मोकळं?"

"मी. ऐरा येणार नाही."

"तू पाहिलंस?"

"कागद आहे सरकारचा."

"कागदात मेला म्हटलंय?"

"बेपत्ता म्हटलंय. वीस वर्षं बेपत्ता म्हणजे काय, ते कळत नाही तुम्हाला?"

"कळतं ग. मी खुळा नाही." ते घोटभर पाणी प्याले. "पण शब्द 'मरेपर्यंत' असा नव्हता. 'परत येईपर्यंत' असा होता."

"मग मी सोडते तुम्हाला शब्दातून. मी बायको त्याची. जोडीतली उरलेली मी आहे."

त्यांनी यावर खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, आमदारानं करावा तसा.

"उरलेल्याला सोडता येतं असा नियम माझ्या ऐकण्यात नाही," ते म्हणाले. "कॉन्कर्डला असतो तर कारकुनाला विचारलं असतं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मग मी ते विचारलं, जे इतकी वर्षं विचारायचं होतं. "त्या दिवशी सभेत, आम्ही सगळे हसलो. मीही हसले होते, दाराआड. तुम्हाला काय वाटलं?"

"वाईट वाटलं," ते म्हणाले. "घरी जाऊन कोट काढला तो पुन्हा घातला नाही."

"आणि मत द्यायला हवं होतं, असं कधी वाटलं?"

"दर एप्रिलला. बर्फ फुटला की वाटायचं."

"मग?"

"मग काय? वाटायचं. पण पुन्हा वेळ आली असती तर पुन्हा तसाच बसलो असतो." त्यांनी विळा उचलला. "तेवढा पट्टा राहिलाय."

मी त्यांना शब्दातून सोडवत होते खरी, पण खरं सांगायचं तर सोडवायचं नव्हतं मला. गावानं ऐराला केव्हाच पुरलं होतं, पेटीशिवाय. दगडावर नावही घातलं होतं. एकटे काका तेवढे दर जुलैत असे यायचे, की जणू तो फक्त उशीर करतोय. त्या एका माणसामुळे मी वीस वर्षं पूर्ण विधवा झाले नव्हते. हे मी त्यांना सांगायला हवं होतं, आणि सांगितलं नाही.

ते फेब्रुवारीत गेले, झोपेत. त्या मार्चमध्ये डुकरांच्या कोतवालाची पाळी आली तेव्हा, लोईसचा नवरा सांगत होता, कुणी बाक बडवलं नाही. सभापतींनी नुसता कागद उलटला.

जुलै आला. मी जावयाला म्हटलं, आपलं गवत उद्या, आज यंत्र घेऊन चल माझ्याबरोबर. आम्ही पूल ओलांडला. हिटीकाकू अंगणात शेंगा सोलत बसल्या होत्या. यंत्राचा आवाज ऐकून उठल्या.

"थर्झा, हे काय?"

"तुमचं कुरण कापायला आलोय, काकू."

"अग, मी माणूस सांगितलाय, येईल तो चार दिवसांत."

"त्याला नको म्हणून कळवा. आम्ही कापू. पुढल्या वर्षीही."

"आणि किती वर्षं ते?"

"काका परत येईपर्यंत," मी म्हटलं.

म्हातारीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग आत गेली, आणि थोड्या वेळानं आलं घातलेल्या पाण्याची सुरई आणून गडग्यावर ठेवली.